ताणाचे संक्रमण : सहवास, स्वर आणि शब्द

१. विषयप्रवेश

सायंकाळी कामावरून परतलेल्या गृहस्थास पत्नी “काय झाले?” असे विचारते. तो “काही नाही” असे उत्तर देतो आणि काहीतरी झाले आहे हे घरातील सर्वांस तत्काळ कळून चुकते. उत्तरातील शब्दांचा अर्थ पाहू गेल्यास ते सर्वस्वी नकारार्थी आहेत; त्यांनी माहिती अशी कोणतीच दिलेली नाही. तथापि मुले मुकाट्याने पुस्तकांत डोके घालतात, स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज किंचित वाढतो आणि घटकाभरात त्या गृहस्थाचे ओझे घरातील चारपाच माणसांवर येऊन पडलेले असते. एवढ्यांनी वाटून घेतल्यामुळे त्याचे स्वतःचे ओझे हलके झाले असेही नाही. दिल्याने कमी होत नाही हा जो गुण विद्येचा म्हणून सांगितला जातो, तो दुर्दैवाने ताणालाही लागू पडतो.

हा अनुभव इतका परिचयाचा आहे की त्यात उलगडून सांगण्याजोगे काही असेल असे सहसा वाटत नाही. परंतु त्यामागील प्रश्न सोपा नाही. ज्याच्यावर संकट आले त्याचे शरीर क्षुब्ध व्हावे हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्याच्यावर ते आलेलेच नाही, किंबहुना ते कोणते हेही ज्याला ठाऊक नाही, त्याच्या शरीराने क्षुब्ध का व्हावे? ह्या प्रश्नासंबंधी गेल्या चार दशकांत मानसशास्त्र, शरीरक्रियाविज्ञान आणि भाषाव्यवहाराचा अभ्यास ह्या क्षेत्रांत जे काम झाले आहे, त्यातील काही महत्त्वाच्या भागाचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. निकट सहवासात ताण पसरतो तो केवळ बातमीच्या वाटेने नव्हे. बातमी सांगण्याची, किंवा न सांगण्याची, जी रीत असते तिच्या वाटेनेही तो पसरतो, आणि धीर ज्या वाटेने पोहोचतो ती वाटही पुष्कळ अंशी हीच होय, असे ह्या विवेचनाचे सूत्र आहे.

२. संज्ञाविचार

‘ताण’ हा शब्द ‘तन्’, म्हणजे ताणणे, पसरणे, ह्या संस्कृत धातूशी संबद्ध आहे. दोरीला, तारेला, मांडवाच्या कनातीला जो ताण बसतो तोच लक्षणेने मनाला बसतो. इंग्रजीतील ‘स्ट्रेस’ ही संज्ञाही पदार्थविज्ञानातून मानसव्यवहारात आली. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास ह्या इंग्रजी शब्दाचा आणखी एक अर्थ परिचित आहे, तो म्हणजे अक्षरावर दिले जाणारे बळ. मराठीत त्यासाठी ‘आघात’ अशी वेगळी संज्ञा असल्यामुळे येथे घोटाळा होण्याचे कारण नाही. मात्र एका अर्थाचा ताण दुसऱ्या अर्थाच्या आघातातून कसा व्यक्त होतो हा प्रश्न पुढे येणारच आहे.

शरीरक्रियेच्या दृष्टीने ताणाच्या अभ्यासाचा पाया वॉल्टर कॅनन ह्यांच्या १९१५ मधील ग्रंथाने आणि हॅन्स सेल्ये ह्यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लहानशा टिपणाने घातला. त्यानंतरच्या संशोधनातून निष्पन्न झालेले चित्र स्थूलमानाने असे आहे. संकटाची चाहूल लागताच शरीरात दोन व्यवस्था जागृत होतात. पहिली अनुकंपी मज्जासंस्थेची. ती काही सेकंदांतच हृदयाचे ठोके वाढविते, तळव्यांना घाम आणते, स्नायू आवळते. दुसरी व्यवस्था मंदगती आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालील पोष ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ह्यांच्या साखळीतून कॉर्टिसोल हे संप्रेरक रक्तात मिसळते, आणि ताणाच्या आरंभापासून साधारणतः वीस ते तीस मिनिटांनी त्याची पातळी कमाल होते. हे संप्रेरक लाळेतही उतरत असल्याने त्याचे मापन सुलभ असते. म्हणूनच “मला ताण आला” ह्या निवेदनापलीकडे जाऊन ताण आला की नाही हे पाहणे अभ्यासकांस शक्य झाले.

येथे तीन गोष्टींत भेद करणे अवश्य आहे. एकाच व्यक्तीचा ताण तिच्या एका भूमिकेतून दुसऱ्या भूमिकेत जातो, उदाहरणार्थ कचेरीतला घरात येतो, त्यास ‘वहन’ म्हणावे. एका व्यक्तीचा ताण दुसऱ्या व्यक्तीत उतरतो, ते ‘संक्रमण’ होय. आणि एकाच कारणाने दोन व्यक्तींना एकाच वेळी ताण येतो, तेव्हा वहनही नसते आणि संक्रमणही नसते. दुष्काळी गावातील दोन शेजारी एकाच वेळी चिंतातुर दिसले, तर एकाची चिंता दुसऱ्याला लागली असा निष्कर्ष काढणे म्हणजे एकाच पावसात भिजलेल्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला भिजविले असे म्हणण्यासारखे आहे. संक्रमणाचा पुरावा तपासताना हा तिसरा पक्ष सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

वहन आणि संक्रमण ह्यांची सांगड कशी पडते हे नायल बोल्जर व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून येते. अमेरिकेतील १६६ दांपत्यांनी बेचाळीस दिवस रोजची टाचणे ठेवली होती. पतीचा कामावरचा दिवस कष्टाचा गेला की पत्नी त्या दिवशी घरकामाचा अधिक भार उचलते. पत्नीचा दिवस तसा गेल्यास पती मात्र त्याची तशी भरपाई करीत नाही, असे त्यांतून आढळले. संक्रमण हा दोन समान पात्रांमधील व्यवहार असतोच असे नाही, त्यास घरातील सत्ता आणि श्रम ह्यांचा उतार लागलेला असतो, हे ह्या अभ्यासाने लक्षात आणून दिले.

३. प्रयोगांचा पुरावा

टाचणांवरून कार्यकारणभाव निश्चित करता येत नाही. त्यासाठी एका व्यक्तीला हेतुपुरस्सर ताण द्यावा, दुसरीला देऊ नये, आणि दुसरीच्या शरीरात काय घडते ते पाहावे, अशी योजना हवी. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सिद्ध केलेली कसोटी ह्या कामी उपयोगी पडली. तीत उमेदवारास परीक्षकमंडळापुढे पाच मिनिटे भाषण करावयाचे असते आणि नंतर पाच मिनिटे तोंडी वजाबाक्या करावयाच्या असतात. १०२२ ह्या संख्येतून तेरा-तेरा वजा करीत जावयाचे, चुकल्यास पुन्हा आरंभापासून. परीक्षकांनी चेहऱ्यावर कोणताही भाव आणावयाचा नाही असा दंडक आहे. मान हलविणे नाही, स्मित नाही, हुंकार नाही. ह्या कसोटीने लाळेतील कॉर्टिसोल दुपटी-चौपटीपर्यंत वाढते. संभाषणाच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. वजाबाकी अवघड असतेच; परंतु ऐकणाऱ्याकडून एरवी सतत मिळत राहणारा ‘हं’, ‘बरं’, ‘अच्छा’ हा प्रतिसाद काढून घेतला की साधे बोलणेही संकट होऊन बसते, ही गोष्ट संशोधकांनी कसोटीच्या रचनेतच गुंफून ठेवली आहे.

हीच कसोटी वापरून वेरोनिका एंगर्ट, टानिया सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाइप्झिग व ड्रेस्डेन येथे केलेले संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कसोटीस बसलेल्या व्यक्तीकडे दुसरी व्यक्ती एकतर्फी काचेतून किंवा दूरचित्राच्या पडद्यावर केवळ पाहत असे. तिला स्वतःला काहीही करावयाचे नव्हते. अशा निव्वळ प्रेक्षकांपैकी २६ टक्के व्यक्तींच्या कॉर्टिसोलमध्ये लक्षणीय वाढ झाली. प्रेक्षक हा त्या व्यक्तीचा जोडीदार असेल तर हे प्रमाण ४० टक्के होते, परका असेल तर १० टक्के. काचेतून प्रत्यक्ष पाहणाऱ्यांत ते ३० टक्के आणि पडद्यावर पाहणाऱ्यांत २४ टक्के आढळले. ह्या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला पाहिजे. परक्याचा ताणही दहांतील एकाच्या अंगात उतरतो, ही एक बाजू. आणि जोडीदारांपैकीही दहांतील सहांच्या अंगात तो उतरला नाही, ही दुसरी. आपुलकीने संक्रमणाचा संभव वाढतो. ते अटळ होत नाही.

ताणाचे कारण कळल्याशिवाय तो उतरतो काय? ह्या प्रश्नाचे उत्तर अर्भकांकडून मिळते. सॅरा वॉटर्स, टेसा वेस्ट आणि वेंडी बेरी मेंडिस ह्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६९ माता व त्यांची बारा ते चौदा महिन्यांची मुले होती. मातेस मुलापासून दूर नेऊन, काहींना नापसंती दर्शविणाऱ्या व काहींना पसंती दर्शविणाऱ्या परीक्षकांपुढे भाषण करावयास लावले. काहींपुढे परीक्षक नव्हतेच. नंतर मूल मातेकडे परत दिले. नापसंतीला तोंड देऊन आलेल्या मातांच्या मुलांची हृदयक्रिया मातेच्या हृदयक्रियेच्या मागोमाग बदलू लागली, आणि सहवासाच्या मिनिटांबरोबर हे अनुसरण वाढत गेले. ही मुले परक्या माणसाला टाळूही लागली. परीक्षक म्हणजे काय हे त्या मुलांना माहीत असण्याचा संभव नव्हता. आईच्या अंगावर, मुद्रेवर व स्वरावर जे उमटले होते तेवढेच त्यांना मिळाले, आणि तेवढे पुरेसे झाले. ह्याच संशोधकांच्या २०१७ मधील प्रयोगात स्पर्शाने हे संक्रमण अधिक दृढ होते असे दिसून आले.

माणसाच्या भाषेत न बोलणाऱ्या सोबत्यापर्यंतही हा परिणाम पोहोचतो असे मानण्यास आधार आहे. स्वीडनमधील लिन्शॉपिंग विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये ५८ कुत्री व त्यांच्या मालकिणी ह्यांच्या केसांत साठलेल्या कॉर्टिसोलची तुलना केली, तेव्हा दोहोंच्या दीर्घकालीन पातळ्या एकमेकींशी जुळत असल्याचे आढळले. परंतु हा पुरावा सहसंबंधाचा आहे, प्रयोगाचा नव्हे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या एव्हा ओबर्ले आणि किंबर्ली शोनर्ट-रायकल ह्यांच्या २०१६ मधील अभ्यासासंबंधीही हेच म्हणावे लागते. शिक्षक कामाने अधिक खचलेला असेल त्या वर्गातील विद्यार्थ्यांचे सकाळचे कॉर्टिसोल अधिक असते, असे त्यांना ४०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीत आढळले. शिक्षकाचा ताण विद्यार्थ्यांत उतरला, की अवघड विद्यार्थ्यांमुळे शिक्षक खचला, की गैरव्यवस्थेने दोघांनाही ग्रासले, ह्याचा निवाडा अशा पाहणीने होत नाही, आणि अभ्यासिकांनीही तसा दावा केलेला नाही. तथापि अध्यापन करणाऱ्या वाचकाने हा निष्कर्ष सहजी बाजूस सारू नये.

४. स्वर

संक्रमणाच्या यंत्रणेविषयी एलेन हॅटफील्ड, जॉन कॅसिओपो व रिचर्ड रॅप्सन ह्यांनी १९९४ मधील ग्रंथात मांडलेली उपपत्ती सुपरिचित आहे. माणूस समोरच्याची मुद्रा, अंगस्थिती व बोलण्याची ढब ह्यांचे नकळत अनुकरण करतो. त्या अनुकरणाची जाणीव त्याच्या मेंदूकडे परत जाते. आणि त्यातून तोच भाव त्याच्या ठायी उत्पन्न होतो, अशा ह्या उपपत्तीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीस भरपूर पुरावा आहे. स्वीडनमधील उल्फ डिंबर्ग ह्यांनी १९८२ पासूनच्या प्रयोगांत, रागीट किंवा हसरा चेहरा पाहताच पाहणाऱ्याच्या चेहऱ्यातील अनुरूप स्नायूंत सूक्ष्म हालचाल होते, हे विद्युत्‌मापनाने दाखविले. दुसऱ्या पायरीविषयी, म्हणजे केवळ मुद्रा धारण केल्याने भाव कितपत उत्पन्न होतो ह्याविषयी, अद्याप मतभेद आहेत.

चेहऱ्यावर ताबा ठेवता येतो, पाठ फिरविता येते, दिवा मालविता येतो. आवाजाचे तसे नाही. तो भिंतीपलीकडून आणि अंधारातूनही येतो. ताणाच्या स्थितीत स्वरयंत्राचे स्नायू आवळले जातात, श्वास उथळ व जलद होतो, स्वरतंत्रींखालील हवेचा दाब बदलतो, तोंड कोरडे पडते. परिणामी आवाजाची मूळ कंप्रता, म्हणजे स्वरतंत्री दर सेकंदास जितक्या वेळा कंप पावतात ती संख्या, साधारणतः वाढते. बोलण्याची गती, विरामांच्या जागा आणि आघातांची तीव्रता हीही बदलतात. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे ‘हिंडेनबुर्ग’ हे वायुयान पेटले, तेव्हा हर्बर्ट मॉरिसन हे निवेदक त्याच्या आगमनाचे वर्णन ध्वनिमुद्रित करीत होते. कार्ल विल्यम्स व केनेथ स्टीव्हन्स ह्यांनी १९७२ मध्ये त्या मुद्रणाचे विश्लेषण केले असता, एकाच निवेदकाचा एकाच मुद्रणातील आवाज दुर्घटनेपूर्वी व दुर्घटनेनंतर कंप्रतेच्या बाबतीत किती भिन्न होता, हे आलेखावरच उमटले. ते मुद्रण कानी पडले की इंग्रजी न जाणणारा श्रोताही चमकतो.

स्वराचा परिणाम शब्दांपासून अलग करून दाखविण्याचे काम रोलांड नॉयमन व फ्रिट्झ स्ट्राक ह्यांच्या २००० मधील प्रयोगांनी केले. त्यांनी श्रोत्यांस तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम ह्यांच्या ग्रंथातील एक रुक्ष उतारा ऐकविला. शब्द तेच, परंतु काहींसाठी तो किंचित आनंदी आवाजात व काहींसाठी किंचित खिन्न आवाजात वाचलेला होता. आकलनाची परीक्षा म्हणून ऐकत असलेल्या श्रोत्यांची मनःस्थिती वाचणाऱ्याच्या स्वराकडे झुकली, आणि त्यामागे तो स्वर आहे हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते. उतारा ऐकता ऐकता मोठ्याने पुन्हा उच्चारावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या आवाजातही तोच रंग उतरला. येथे मापन मनःस्थितीचे आहे, संप्रेरकांचे नव्हे, ही मर्यादा मान्य करूनही प्रयोगाचे महत्त्व कमी होत नाही.

संभाषण करणारी माणसे गती, विराम, उच्चार ह्या बाबतींत एकमेकांच्या जवळ सरकतात हे समाजभाषाविज्ञानास नवे नाही; हॉवर्ड जाइल्झ ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात ह्या ‘जुळवून घेण्या’ची सविस्तर उपपत्ती मांडली. ती प्रामुख्याने सामाजिक हेतूंविषयी आहे. आपलेपणा दाखवावयाचा असेल तर माणूस जवळ सरकतो, अंतर राखावयाचे असेल तर दूर जातो. ताणाच्या संक्रमणाशी तिची सांगड घातली तर एक चमत्कारिक परिणाम दिसतो. जो श्रोता अधिक आपुलकीने ऐकतो तो बोलणाऱ्याच्या स्वराजवळ अधिक सरकतो, आणि म्हणून त्याचा ताणही अधिक घेण्याचा संभव असतो. लाइप्झिगच्या ४० व १० टक्क्यांतील अंतर ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

आवाज हे भावाचे अनैच्छिक लक्षण होय, ही जाण भारतीय परंपरेत जुनी आहे. भरताने सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांत स्तंभ, स्वेद, रोमांच, वेपथु इत्यादींच्या बरोबरीने स्वरभेदाची गणना आहे. मराठी वाक्प्रचारांनीही हे निरीक्षण बारकाईने नोंदविले आहे. आवाज चढतो, कापतो, बसतो, पडतो, दाटून येतो, कोरडा होतो. नाट्यगृहातील प्रेक्षक व घरातील माणूस ह्यांत मात्र भेद आहे. प्रेक्षकापुढील भाव साधारणीकरणाने कोणा एकाचा राहत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. घरातील कापरा आवाज हा नेमक्या एका माणसाचा असतो, आणि तो माणूस उद्याही त्याच घरात असावयाचा असतो.

५. शब्द आणि सूर

ह्याचा अर्थ शब्द निरुपयोगी आहेत असा नव्हे. अमेरिकेतील अमँडा रोझ ह्यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास करताना, दोघांनी मिळून एकच अडचण पुनःपुन्हा उगाळीत बसणे ह्या वर्तनाकडे लक्ष वेधले. अशा बोलण्याने मैत्री घट्ट होते आणि त्याच वेळी खिन्नता व चिंता ह्यांचे प्रमाणही अधिक आढळते, असा दुहेरी निष्कर्ष त्यांनी काढला. जेनिफर बर्ड-क्रेव्हन व त्यांचे सहकारी ह्यांनी २००८ मध्ये मैत्रिणींच्या अशा संभाषणांचा संबंध कॉर्टिसोलच्या वाढीशी दाखवून दिला. उलटपक्षी स्वर व मुद्रा ह्यांवाचून केवळ लिखित शब्दांनी भाव कितपत पसरतो हे ‘फेसबुक’ ह्या समाजमाध्यमावरील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६,८९,००३ व्यक्तींवरील प्रयोगात पाहिले गेले. परिणाम आढळला, पण तो अत्यंत अल्प होता. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांना तो सांगितलेला नव्हता म्हणून त्यावर टीका झाली, ती रास्तच होती.

शब्द व सूर ह्यांच्या परस्परसंबंधाचे सर्वांत गंभीर उदाहरण मनोविकारांच्या क्षेत्रातील आहे. जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये १९५० नंतरच्या दशकापासून केलेल्या कामात असे आढळले, की छिन्नमनस्कतेतून सावरून घरी परतलेल्या रुग्णास पुन्हा त्रास होणे न होणे हे घरातील माणसे त्याच्याविषयी कोणत्या भावनेने बोलतात ह्यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. ह्या बोलण्याचे मापन करण्याची जी पद्धती पुढे रूढ झाली, तीत नातेवाइकाची दीर्घ मुलाखत मुद्रित करून तीतील टीकात्मक उद्गार मोजले जातात. उद्गार टीकात्मक आहे की नाही हे ठरविताना शब्दांइतकेच, किंबहुना काही वेळा शब्दांहून अधिक, वजन स्वराला दिले जाते. १९९८ मध्ये रॉन बट्झलाफ व जिल हूली ह्यांनी २७ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले, तेव्हाही हा संबंध टिकून राहिला.

ही पद्धती इंग्रजीतून अन्य भाषेत नेता येते काय, हा प्रश्न भाषावैज्ञानिक आहे आणि तो भारतातच विचारला गेला. नरेंद्रनाथ विग, ज्युलिअन लेफ व त्यांचे सहकारी ह्यांनी चंडीगढ येथे केलेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासमालेत हे मापन हिंदीत उतरते की नाही ह्याची स्वतंत्र तपासणी केली होती. चंडीगढच्या कुटुंबांत टीकेचे प्रमाण लंडनच्या मानाने बरेच कमी आढळले.

मराठीत असे मापन करावयाचे झाल्यास कोणत्या अडचणी येतील हे एका साध्या प्रश्नावरून ध्यानात येईल. “औषध घेतलेस का?” ही पृच्छा आहे. “औषध घेतलेस ना?” ह्यात होकाराची अपेक्षा, आणि सुरानुसार काळजी किंवा पाळत. “औषध तरी घेतलेस का?” ह्यातील ‘तरी’ ह्या निपाताने, बाकीचे काही केले नाहीस हा ठपका न बोलता ठेवला. “घेतलेस का एकदाचे औषध?” ह्यातील ‘एकदाचे’ ह्या शब्दाने बोलणाऱ्याचा सारा दिवसभराचा शीण ऐकणाऱ्याच्या अंगावर टाकला. चारही वाक्यांत औषधाविषयीची माहिती एकच विचारलेली आहे. इंग्रजीत जो भार प्रायः आघात व सुरावली ह्यांवर पडतो, त्याचा मोठा वाटा मराठीत ‘च’, ‘तरी’, ‘ना’, ‘बरे’, ‘म्हणे’ ह्यांसारखे शब्द उचलतात. त्यातही भर अशी की “घेतलेस का औषध, बाळ?” हेच वाक्य मायेने आणि उपहासाने अशा दोन्ही सुरांत म्हणता येते. शब्द मोजणाऱ्यास येथे यश यावयाचे नाही, आणि केवळ कंप्रता मोजणाऱ्यासही नाही.

एक इशारा येथे आवश्यक आहे. ह्या संशोधनाचा आधार घेऊन रुग्णाच्या आजाराचे खापर आईवर किंवा पत्नीवर फोडण्याची प्रवृत्ती दिसून येते. ती अशास्त्रीय आहे. कुटुंबाच्या बोलण्याने आजार उद्भवतो असे हे संशोधन म्हणत नाही. आणि ज्या आवाजात टीका उमटते तो आवाज बहुधा वर्षानुवर्षांच्या जागरणाने थकलेला असतो. संक्रमण दोन्ही दिशांनी चालते. म्हणूनच उपचारपद्धतींत कुटुंबास दोष देण्याऐवजी त्यास आजाराची माहिती देणे, विश्रांती मिळवून देणे आणि बोलण्याच्या वेगळ्या रीतींचा सराव करविणे ह्यांवर भर देण्यात येतो.

६. परतीची वाट

ज्या वाटेने ताण येतो ती एकेरी असती, तर सहवास हा निव्वळ धोका ठरला असता. परंतु तसे नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते बारा वर्षांच्या मुलींना ताणाच्या कसोटीस बसविले. नंतर काहींच्या जवळ आई प्रत्यक्ष आली, काहींना ती फक्त दूरध्वनीवर भेटली, काहींना भेटलीच नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दूरध्वनीवरील नुसत्या आवाजानेही ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढले व कॉर्टिसोल लवकर उतरले. आईच्या प्रत्यक्ष जवळ येण्याने जे साधले तेच बहुतांशी ह्या आवाजानेही साधले. २०१२ मधील पुढच्या प्रयोगात काही मुलींना आईने तत्काळ पोहोचणाऱ्या लिखित संदेशांतून धीर दिला. त्यांची स्थिती आई न भेटलेल्या मुलींसारखीच राहिली. धीराच्या शब्दांतून सूर वजा केल्यावर काय उरते ह्याचे ह्याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण आहे.

धीर देणाऱ्याचे काय होते? कॅल्गरी विद्यापीठात टोनी-ली स्टर्ली, जयदीप बैन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात, ताण दिलेल्या उंदराच्या मेंदूतील विशिष्ट पेशींत जो बदल होतो तोच त्याच्या निर्धास्त सोबत्याच्या मेंदूतही झालेला आढळला. मात्र ताण दिलेल्या माद्यांना असा सोबती लाभला तर त्यांच्यातील तो बदल जवळजवळ निम्म्याने कमी झाला. नरांत तसे झाले नाही. उंदरांवरून माणसाविषयी घाईने अनुमान काढू नये हे खरे. परंतु सोबत्याने ताण घेणे आणि मूळ ताण उतरणे ही एकाच सहवासाची दोन फळे असू शकतात, एवढे त्यावरून दिसते.

माणसांच्या बाबतीत रॉबर्ट लेव्हेन्सन व जॉन गॉटमन ह्यांचा १९८३ मधील अभ्यास उद्‌बोधक आहे. तीस दांपत्ये घरातील वादविषयावर बोलत असताना दोघांच्या शरीरक्रिया एकत्र मापल्या गेल्या. ज्या दांपत्यांत त्या एकमेकींशी अधिक जखडलेल्या होत्या, म्हणजे एकाचे हृदय उसळले की दुसऱ्याचेही उसळत होते, त्यांचे दांपत्यजीवन कमी समाधानाचे आढळले. ‘एकमेकांशी एकरूप होणे’ ह्या सर्वमान्य आदर्शास ह्याने थोडा धक्का बसतो. वादाच्या क्षणी दोघांपैकी एकाचे तरी हृदय स्वतःच्या गतीने चालत असले पाहिजे.

७. समारोप

आरंभीच्या ‘काही नाही’ कडे आता परत येता येईल. घरच्यांना त्रास नको म्हणून मौन पत्करणारा गृहस्थ सद्हेतूनेच वागत असतो. परंतु एमिली बटलर, जेम्स ग्रोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मन हेलावणारा चित्रपट पाहून झाल्यावर अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना बोलावयास सांगितले, आणि काही जोड्यांतील एकीला भाव दाबून ठेवण्याची गुप्त सूचना दिली. तेव्हा तिच्यासमोर बसलेल्या, त्या सूचनेची कल्पनाही नसलेल्या स्त्रीचा रक्तदाब वाढला. दाबलेला भाव समोरच्यापासून लपत नाही. फक्त त्याचे नाव लपते, आणि निनावी ताण हा ऐकणाऱ्यास अधिक जड जातो. ज्याचे कारण कळले त्यावर काही उपाय योजता येतो, निदान ते आपल्यामुळे नाही एवढे तरी मुलांना समजते. “आज कामावर बोलणी बसली, जरा वेळाने सांगतो” हे वाक्य ‘काही नाही’ पेक्षा लांब आहे, पण घरावर त्याचा भार कमी पडतो.

मराठीच्या क्रियापदयोजनेत ह्या विषयाचे सार जणू साठविलेले आहे. ताण येतो, पडतो, आणि मनुष्य तो घेतो. धसका घेतला जातो, घोर लागतो. ह्या सर्व प्रयोगांत ताण बाहेरून येतो आणि माणूस तो स्वीकारतो. धीर मात्र येतो, सुटतो, धरला जातो आणि दिलाही जातो. “ताण देऊ नकोस” हा प्रयोगही अलीकडे कानी पडू लागला आहे. जी गोष्ट घेतली जाते ती कोणीतरी दिलेली असते, ही जाणीव त्यातून भाषेत उतरत असेल तर तिचे स्वागतच केले पाहिजे. वर्गात शिरणारा अध्यापक, रुग्णाच्या उशाशी बसलेली बहीण, परीक्षेच्या दिवशी मुलाला निरोप देणारे वडील, ह्या सर्वांच्या तोंडचे शब्द बहुधा ठरलेले असतात. ते कोणत्या सुरात उच्चारले जातात ह्यावर, ऐकणारा काय घेऊन जातो हे पुष्कळसे अवलंबून असते.